गिरवलेली रेघ

आमच्या डाळजच्या माणसांना बुडालेल्या गोष्टींची सवय आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडलं की डाव्या हाताला पाणी चमकू लागतं. ते उजनीचं पाणी. 1980 मध्ये धरण पुरं झालं आणि भीमेकाठची जुनी गावठाणं, मळईची रानं, विहिरी, चिंचा त्याच्या पोटात गेल्या. शेजारच्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळही गेलं. उन्हाळा कडक निघाला, धरण तळाला गेलं की त्या देवळाचं शिखर वर येतं आणि एखाद्या वर्षी पार मंडपापर्यंत चालत जाता येतं. माझी आजी पाण्याकडे हात करून सांगायची, हितं आपला मळा, तिथं आपली मोट. पाण्यावर तर काहीच दिसायचं नाही. तिच्या बोटाला जागा पाठ होत्या.

मी याच भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. एवढी वर्षं माझा एक नियम होता: नक्कल चालणार नाही. कॅलेंडरवरचा गणपती, पुस्तकातला शिवाजी महाराजांचा घोडा, असं बघून काढलेलं चित्र मी शेरा न देता परत करायचो. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, स्वतःच्या मनातलं काढा, हे मी मनापासून सांगत आलो.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने अजिंठ्याचा पद्मपाणी काढून आणला. छापील चित्रावर पातळ कागद धरून, खिडकीच्या काचेला टेकवून तिने तो उतरवला होता. मी म्हटलं, "हे तर गिरवलेलं आहे." तिने कागद घेतला, दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "मग सर, अक्षरं आपण कशी शिकलो?"

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. खरोखरच तिला ते जाणून घ्यायचं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझे आजोबा धुळाक्षरांवर शिकले, मी पाटीवर. मास्तरांनी काढलेल्या 'ग'वरून पेन्सिल इतकी वेळा फिरवली की तो फुगून दुप्पट झाला. पुढे माझं अक्षर माझं झालं, पण ते आधी मास्तरांचं होतं.

त्या प्रश्नानंतर मी अजिंठ्याची नक्कल करणाऱ्यांविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यात अराई काम्पो हे जपानी चित्रकार भेटले आणि डिसेंबरात आम्ही आठ मुलं, शाळेतल्या एक बाई आणि मी, असे भाड्याच्या क्रूझरने अजिंठ्याला निघालो.

पहाटे चारला गाडी सुटली. भिगवणहून राशीन, कर्जत, अहिल्यानगर, मग छत्रपती संभाजीनगर. सिल्लोडच्या पुढे कापसाच्या वेचण्या चालू होत्या. बांधाला बसून आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अजिंठा गाव ओलांडून गाडी घाट उतरली तेव्हा ऊन कललं होतं. रात्री फर्दापूरला मुक्काम केला आणि सकाळी पहिल्या बसने लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचलो. खाजगी गाड्या चार किलोमीटर अलीकडेच थांबवतात. धूर आणि हादरे भिंतींपर्यंत पोहोचू नयेत म्हणून.

वाघूर नदीने डोंगराला घोड्याच्या नालेसारखं वळण दिलं आहे आणि त्या वळणाच्या कड्यात तीस लेणी आहेत. मुलांना मी एकच सूचना दिली होती. आत पेन्सिल काढायची नाही, फक्त बघायचं. बाहेर आल्यावर आठवून काढायचं. ग्रेड परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो, त्यामुळे शब्द त्यांना नवा नव्हता.

पहिल्या लेण्यात पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. मग छत हळूहळू उजळतं, खांबांचे आकार वेगळे होतात आणि गाभाऱ्याच्या अलीकडे डाव्या भिंतीवर पद्मपाणी येतो. मान किंचित झुकलेली, हातात निळं कमळ, पापण्या खाली. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं हे काम. त्या मुलीने माझी बाही ओढली. भुवईकडे बोट करून कुजबुजली, "सर, ही रेघ कुठंच थांबली नाही बघा."

खरंच थांबलेली नाही. कपाळापासून सुटलेली रेघ भुवईत, भुवईतून नाकाच्या कण्यात उतरते. काढणाऱ्याने मध्ये हात उचलल्याची खूण दिसत नाही. अजिंठ्याचे चित्रकार आधी तांबड्या गेरूने आखणी करत, मग रंग भरत आणि शेवटी बाह्यरेषा पुन्हा पक्की करत. म्हणजे ही भुवई त्यांनीही दोनदा काढली. स्वतःचीच रेघ त्यांनी गिरवली.

पुढे एका ठिकाणी गिलावा निखळलेला होता. आमच्यातला एक मुलगा तिथेच खिळला. "ह्यात तूस आहे की!" माती, दगडाची भुकटी, भाताचं तूस आणि गवताचे तंतू कालवून हा गिलावा केलेला आहे आणि वर चुन्याचा पातळ हात दिला आहे. त्या मुलाच्या घरची मागची भिंत आजही मातीचीच आहे. दिवाळीआधी त्याची आई ती सारवते आणि खाली गेरूचा पट्टा ओढते. दीड हजार वर्षांपूर्वीची भिंत त्याला ओळखीची वाटली आणि मला त्या क्षणी कुठलंही व्याख्यान देण्याची गरज उरली नाही.

दुसऱ्या लेण्यातली हंसांची माळ बघून मुलं हसली. एकाही हंसाची मान दुसऱ्यासारखी नाही. कुंभारगावच्या पाणथळीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात तेव्हा अशीच मानांची गर्दी होते, हे सगळ्यांनाच एकदम आठवलं.

दुपारी नदीकडे उतरून सावलीला बसलो. वह्या उघडल्या. मुलं आठवून काढत होती आणि मी त्यांना नकलांची गोष्ट सांगत होतो.

1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने कोरलेलं नाव अजून आहे. 1844 मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलं गेलं. त्यांनी इथे आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली. लंडनला पाठवलेल्या त्यांच्या नकला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या होत्या. 1866 च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या.

मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आले. 1872 पासून 1885 पर्यंत हिवाळ्यामागून हिवाळे ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे मुंबईचे नावाजलेले चित्रकार झाले. त्या मुंबईच्या मुलांनी केलेल्या नकलाही लंडनला गेल्या आणि 1885 मध्ये तिथल्या संग्रहालयातल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ 1896-97 मध्ये निघाला. या कामाला दुखरी बाजूही आहे. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून भिंतींवर चढवलेलं वॉर्निश पुढे पिवळं पडलं आणि ते काढण्यासाठी निझामाच्या सरकारला 1920 च्या सुमारास इटलीहून जाणकार आणावे लागले. नक्कल करणाऱ्याने मूळ वस्तूला किती हळुवार हात लावायचा, हा धडा तिथे महागात शिकला गेला.

"दोनदा जळालं?" मुलांनी विचारलं. मी म्हटलं, तिसरी आग अजून यायची आहे, आणि ती जपानमध्ये.

जपानमध्ये 1868 नंतर सगळं नवं पश्चिमेकडून घेण्याची घाई झाली. तैलरंग आले आणि पिढ्यान्‌पिढ्या रेशमावर, कागदावर शाईने चित्रं काढणारी घराणी उपाशी पडू लागली. तेव्हा ओकाकुरा काकुझो या कलाभ्यासकाने परंपरेच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. 1889 मध्ये टोकियोत सुरू झालेल्या त्यांच्या कलाशाळेत सुरुवातीची काही वर्षं पाश्चात्त्य चित्रकलेचा वर्गच नव्हता. 1898 मध्ये ओकाकुरांना ती शाळा सोडावी लागली, तेव्हा योकोयामा ताइकान, हिशिदा शुन्सो, शिमोमुरा कांझान यांच्यासारखे तरुण त्यांच्यासोबत बाहेर पडले आणि त्यांनी निहोन बिजुत्सुइन ही संस्था उभी केली. त्यांच्या चित्रशैलीला निहोंगा म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे: जपानी चित्र. पण ती जुन्याची पोपटपंची नव्हती. ताइकान आणि शुन्सो यांनी बाह्यरेषा पुसून केवळ धुकट रंगांत चित्रं काढली आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली. ते दोघे 1903 मध्ये कोलकात्याला आले. ताइकान यांचा ओला कागद आणि ओली कुंचली पाहून अवनींद्रनाथ टागोरांना जलरंगाच्या धुलाईचं त्यांचं तंत्र सुचलं.

अराई काम्पो यांचं भारतात येणं तर एका नकलेमुळे घडलं. 1916 मध्ये रवींद्रनाथ जपानला गेले होते. तिथे त्यांनी कांझान यांचं मोठं पडद्यावरचं चित्र पाहिलं. फुललेल्या झाडाखाली एक आंधळा तरुण मावळत्या सूर्याला हात जोडतो आहे. रवींद्रनाथांना ते इतकं भिडलं की त्याची प्रतिकृती त्यांनी मागितली. ती करण्याचं काम अराईंकडे आलं. त्यांचा हात रवींद्रनाथांनी बघितला आणि आपल्या जोडासांकोच्या घरी, 'विचित्रा' या कलामंडळात शिकवायला बोलावलं. मूळ चित्र काढणाऱ्याला नव्हे, ते मन लावून उतरवणाऱ्याला त्यांनी शिक्षक म्हणून निवडलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. मी परत केलेल्या कागदांची संख्या मला आठवत नव्हती.

कोलकात्यात अराईंकडून जपानी कुंचली आणि शाई शिकणाऱ्यांत नंदलाल बोस होते. नंदलालांनी अराईंच्या आधीच, 1909-10 च्या हिवाळ्यात, इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्या तुकडीबरोबर अजिंठ्याच्या भिंती उतरवल्या होत्या. मग 1917 च्या अखेरीस अराई स्वतः इथे आले. 'कोक्का' या कलेच्या नियतकालिकाच्या कामासाठी सावामुरा सेन्तारो हे कलाभ्यासक आणि आणखी काही चित्रकार सोबत होते, त्यांत नोसू कोसेत्सु हे एक. 1918 चे सुरुवातीचे महिने त्यांनी या अंधारात काढले. नकला जपानला पोहोचल्या, टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या गेल्या आणि 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपानंतर पेटलेल्या आगीत त्यांतला मोठा भाग गेला.

मुलांच्या पेन्सिली थांबल्या होत्या. एकाने विचारलं, "मग एवढं करून काय उरलं?"

हात उरले, मी म्हटलं. आणि त्या हातांचा पुढचा माग सांगितला. जपानमधल्या नारा शहराजवळ होर्यू-जी नावाचं बौद्ध मंदिर आहे. त्याच्या सोनेरी सभागृहाच्या भिंतींवर सुमारे इसवी सन 700 च्या काळातली बोधिसत्त्वांची चित्रं होती. त्यांतल्या एका बोधिसत्त्वाची झुकलेली मान पाहून आपल्या पद्मपाणीची आठवण होते. मध्य आशिया आणि चीन ओलांडत ही रेघ तिकडे गेली, असं अभ्यासक मानतात. 1940 मध्ये त्या भिंतींच्या प्रतिकृती करायचं ठरलं तेव्हा निवडलेल्या प्रमुख चित्रकारांत अराई होते. अजिंठ्यात कमावलेला हात आता त्याच कुळाच्या चित्रांवर चालू लागला. युद्ध आलं, माणसं आणि सामान मिळेना, तरी काम रेटत राहिलं. 1945 मध्ये त्या कामावर परत निघाले असताना अराईंना वाटेतच मृत्यू आला. 26 जानेवारी 1949 ला, नकलांचं काम चालू असतानाच, सभागृहाला आग लागली आणि मूळ भिंतींचे रंग करपून गेले. आपण 26 जानेवारीला झेंडावंदन करतो, त्याच तारखेला जपानमध्ये दरवर्षी जुन्या मंदिरांत आग विझवण्याचा सराव करतात.

या वेळी मात्र हात तयार होते. 1967-68 मध्ये चौदा चित्रकारांनी त्या भिंती पुन्हा उभ्या केल्या. 1935 मध्ये घेतलेली छायाचित्रं आणि आधीच्या नकला त्यांच्या समोर होत्या. 1940 च्या तुकडीतले हाशिमोतो मेइजी या वेळीही होते. माएदा सेइसोन हे ज्येष्ठ चित्रकार आपल्या शिष्यांना घेऊन बसले. त्या शिष्यांत हिरायामा इकुओ होते. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि वाचले होते. पुढे ते टोकियोच्या कलाविद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि जगभरातला जुना ठेवा वाचवण्यासाठी झटले.

जपानी चित्रकारांची नकलेची एक जुनी रीत मला फार आवडली. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवतात. त्याची खालची कड गुंडाळी करून धरतात. कागद उचलायचा, खालची रेघ बघायची, कागद सोडायचा आणि डोळ्यांत ती रेघ ताजी आहे तोवर ओढायची. पुन्हा उचलायचा. दिवसभर हेच. मी ते फर्दापूरहून घेतलेल्या पतंगाच्या कागदावर मुलांना करून दाखवलं. त्या मुलीने तीनचार वेळा करून बघितलं आणि म्हणाली, "सर, हे गिरवणं नाही. हे दर वेळी आठवणं आहे."

तिने दोन शब्दांत माझ्या सव्वीस वर्षांचा गुंता सोडवला. नक्कल आळशी असते ती न बघता केली तर. बघून, सोडून, पुन्हा बघून केलेली नक्कल म्हणजे एका माणसाच्या हाताचा चालणारा वेग दुसऱ्याच्या मनगटात उतरवून घेणं. तो वेग कागदासोबत जळत नाही.

दुसऱ्या दिवशी परत फिरण्याऐवजी आम्ही उत्तरेला निघालो. जामनेर, भुसावळ आणि पुढे फैजपूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या. फैजपूरला बघण्यासारखं काय आहे, असं चालकदादांनी विचारलं. बघण्यासारखं असं फारसं नाही, पण आमच्या गोष्टीचं एक टोक तिथे येतं.

1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगराची सजावट गांधीजींनी नंदलाल बोस यांच्यावर सोपवली, आणि अट घातली की जे करायचं ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि खेड्यातल्या हातांतून. नंदलालांनी बांबू, चटया, गवत यांतून कमानी आणि मंडप उभे केले, अध्यक्षांसाठी बैलांचा रथ सजवला. अजिंठ्याच्या अंधारात वळलेला आणि अराईंच्या शेजारी बसून जपानी कुंचलीने लवचीक झालेला तो हात, आता खानदेशातल्या सुतार-बुरुडांबरोबर बांबू वाकवत होता. त्याच वर्षी नोसू कोसेत्सु सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराच्या भिंतींवरची बुद्धचरित्राची चित्रं पुरी करत होते. 1917 च्या त्या अजिंठा-तुकडीतले चित्रकार ते हेच.

नंदलालांच्या शांतिनिकेतनातल्या कलाभवनात आपले विनायक मसोजी शिकले आणि पुढे शिकवू लागले. गांधीजींना मध्यरात्री झालेल्या अटकेचं त्यांचं चित्र ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना काळोखातली ती शांतता विसरता येत नाही. आणि भारताच्या संविधानाची हस्तलिखित मूळ प्रत ज्यांनी सजवली, ते नंदलाल आणि त्यांचे विद्यार्थी. शाळेत तिच्या प्रास्ताविकेखाली आम्ही रोज उभे राहतो. तिच्याभोवतीची वेलबुट्टी कोणत्या भिंतींवरून, किती हातांतून आली, हे त्या दिवशी फैजपूरच्या केळीच्या बांधावर मुलांनी पहिल्यांदा ऐकलं. टिळकनगराचे बांबू केव्हाच मातीत मिसळले असतील. आम्ही तिथे उभे राहून एका बुरुडाने विणायला घेतलेल्या टोपलीची वीण वहीत उतरवली. ती उतरवून घेताना तो माणूस दोनदा थांबला, मुलांना नीट दिसावं म्हणून.

रात्रभर प्रवास करून डाळजला पोहोचलो. सोमवारी वर्गात गेलो तेव्हा कपाटातून पातळ कागदाचं बंडल काढलं आणि नववीला सांगितलं, आज गिरवायचं आहे.

मे महिन्यात पाणी उतरलं आणि पळसनाथाचा मंडप उघडा पडला. भेगाळलेल्या गाळावरून आम्ही वीस-पंचवीसजण चालत गेलो. सहावीतला एक लहान पोरगा कागद हातात घेऊन कोरीव खांबासमोर नुसता उभा होता. कुठून सुरू करावं, त्याला कळत नव्हतं. खाचांत सुकलेला गाळ भरला होता. अजिंठ्याला आलेली ती मुलगी त्याच्याजवळ गेली. तिने त्याच्या हातातली पेन्सिल काढून आपल्या कानामागे खोवली, त्याचं बोट धरलं आणि दगडातल्या वेलीवरून फिरवू लागली. गाळ भुरभुर खाली पडत होता आणि वेल मोकळी होत होती. टोकाला पोहोचल्यावर तिने त्याचं बोट उचललं आणि पुन्हा सुरुवातीला आणून ठेवलं.

"आता डोळे मिटून," ती म्हणाली.

मी माझा कागद गुंडाळला आणि शेजारच्या खांबापाशी जाऊन बोट टेकवलं.